पाण्याला वास येतो, एवढंच

…आणि वर मलाच विचारतात, की वना, तुला तोंड उघडायला सांगितलं कोणी होतं? आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. बसा ना, तुमचा स्टोव्ह दुरुस्त होईपर्यंत बसा, ते स्टूल ओढून घ्या, एक पाय हलतो त्याचा पण पडत नाही. तुम्ही बाजाराला आलेले, परगावचे, म्हणून बोलतो. गावातल्या माणसाशी बोलायचं मी सोडलंय. तसा आधी तरी कुठे बोलत होतो म्हणा. सातवीत गुरुजींनी उभं करून विचारलं, तापी नदी कुठे उगम पावते, आणि मला ठाऊक होतं हो, मुलताई, अगदी ओठापर्यंत आलं होतं, पण ते बाहेर पडेपर्यंत गुरुजी पुढच्या तिघांना छड्या देऊन परत माझ्यापाशी येऊन उभे. त्या दिवसापासून शाळा बंद. स्टोव्हचं बरं असतं, स्टोव्ह प्रश्न विचारत नाही. तर असला माणूस मी, जन्मात एकदा, एकदाच चार लोकांत तोंड उघडलं, आणि बोललो तरी काय? कुणाला शिवी दिली? कुणाची लेक पळवली? मी एवढंच म्हणालो, की पाण्याला वास येतो.

गाव कुठलं ते सांगत नाही. धुळ्याहून इकडे पारोळ्याला येताना लागतं की पारोळ्यावरून जळगावकडे जाताना, तेही नाही सांगत. नाव घेतलं की कागद होतो, आणि कागद झाला की वनाला बोलवा. गाव सोडा. गल्ली धरा. गल्लीत आमची बावीस घरं, बावीस रेशनकार्डं आणि मध्यभागी एक विहीर, तिच्यावर निंबाचं झाड. पंचायतीचा नळ चौथ्या दिवशी, तोही आला तर. सत्याऐंशीचा उन्हाळा म्हणजे तुम्हाला आठवतच असेल, नळाला तोंड लावलं तर आतून गरम वारा यायचा. म्हणजे प्यायला विहीर, रांधायला विहीर, अंघोळीला विहीर. हे ध्यानात ठेवा, कारण गल्लीच्या ध्यानात राहिलं नाही.

आता घासलेट. महिन्यातून एकदा रेशनवर मिळायचं, आणि घराघरात त्याची बोंब. कुणाचा डबा गळका, कुणाच्या डब्याला बूचच नाही, वच्छलाक्काचा डबा तर पिठाच्या कोठीत आडवा झाला आणि महिनाभर त्यांच्या घरच्या भाकरीला काडी लावली असती तर दिवाळी झाली असती. भांडणं, शिव्या, माझं घासलेट तू चोरलं, तुझ्या डब्यात माझं गेलं. तेव्हा भाईदास आबांनी तोडगा काढला. भाईदास आबा म्हणजे आमच्या गल्लीतलं मोठं माणूस, लग्न ठरवायचं आबांना विचारून, मोडायचं आबांना विचारून. ते म्हणाले, बावीस घरांचं घासलेट एकाच ड्रममध्ये ठेवू, आणि ज्याला लागेल त्याने मापाने काढून न्यावं. छान. मलाही पटलं. खोटं का बोलू, तेव्हा मलाही पटलं.

पण ड्रम ठेवायचा कुठे? घरात कुणालाच नको. उन्हात ठेवला तर आमच्या खानदेशाचं ऊन, घासलेट उडून जाईल अशी सगळ्यांना धास्ती. मग गल्लीतली गार जागा कोणती? विहिरीचा ओटा, निंबाखाली. ठेवला विहिरीच्या ओट्यावर! विहिरीच्या काठापासून दोन हात. आणि एवढ्यावर भागतंय का, द्रौपदाबाई म्हणाल्या, माठाला आपण ओलं फडकं गुंडाळतो, मग ड्रमनेच काय पाप केलंय? झालं. दोन गोणपाटं गुंडाळली, सुतळीने बांधली, आणि ती सकाळ-संध्याकाळ ओली ठेवायची ठरली. लोखंडाच्या ड्रमला, तुम्हाला सांगतो, लोखंडाच्या, ओलं गोणपाट, रात्रंदिवस. मी स्टोव्हवाला. ओल लागलेल्या टाकीचं बूड कसं भाकरीसारखं पापुद्रे सोडतं ते मी रोज बघतो. मला तिथेच बोलायला पाहिजे होतं. बोलायला तोंड उघडलं, आणि आबा म्हणाले, वना तयार दिसतोय, पाणी घालायचं काम वनाकडे.

घातलं मी पाणी. दोन बादल्या सकाळी, दोन संध्याकाळी. एक खाडा नाही. मला ताप आला तेव्हा मायला पाठवलं, पण गोणपाट सुकू दिलं नाही. काम दिलंय ना आपल्याला, मग नीट करायचं, हा माझा मूर्ख स्वभाव. दोन महिने मी त्या ड्रमला असा जपला की नव्या नवरीलाही कुणी जपलं नसेल.

जरा सरका, पंप मारून बघतो… नाही, वायसर गेलंय. चामड्याचं आहे, तेलात भिजत घालायला लागेल. बसा.

तर वैशाखात माझी बहीण भागाबाई बाळंतपणाला आली. मुलगी झाली. दहा-बारा दिवसांची पोर, अशी एवढीशी, मुठीत मावेल. बाराव्या दिवशी भागी मला म्हणते, “भाऊ, पानीले घासलेटना वास येस. पोरना आंगवर लाल चट्टा उठनात.” मी बघितलं. पोरीच्या पाठीवर, मांड्यांवर, जिथे जिथे पाणी थांबतं तिथे तिथे लाल. बादली उजेडात नेली, तर वरती रंग फिरताहेत, निळा, जांभळा, पिवळा. मला कळायचं ते कळलं. आणि आमच्याकडे बाळंतिणीचं पाणी तापवतात बंबात, खाली जाळ, वर हे पाणी… मी बंब विझवला, पोरीला मायच्या मांडीवर दिलं आणि बादली घेऊन थेट आबांच्या ओट्यावर गेलो. तिथे सात-आठ माणसं बसलेली. पोरीची पाठ डोळ्यांसमोर होती म्हणून बोललो. पाण्याला वास येतो.

आबांनी बादलीत नाक घातलं, बाहेर काढलं, आणि माझा हात धरून हुंगला. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, “तुन्हा हातलेच घासलेटना वास येस, वना. तू लोटा धरस म्हनीसन तुले वास येस.” आणि हसले सगळे. पटलं ना त्यांना! स्टोव्हवाल्याचा हात, त्याला घासलेटचा वास. घरी गेलो, राखेने हात घासले, चिंचेने घासले, शिकेकाईने घासले, कातडी निघायची वेळ आली, परत गेलो. तर म्हणे आता नाकात भरलाय.

मग घरोघर फिरलो. द्रौपदाबाई म्हणाल्या की वासाचं मला माहीत नाही, पण हल्ली डाळ लवकर शिजते. मोतीलाल दूधवाल्याने तर ऐकूनच घेतलं नाही, त्याच्या दुधात विहीर आहे हे गाव जाणून, तो कशाला पाण्याला नाव ठेवील. वच्छलाक्का दारातच उभ्या राहिल्या. “बठ्ठी गल्ली पानी पेस. एक तुलेच वास येस? तुले कोन इचारं?” शेवटी हाशमचाचांकडे गेलो. अत्तर विकतात ते, शिवरात्रीपासून उरुसापर्यंत सगळ्या जत्रा करतात, बंद बाटलीतला गुलाब कुठल्या सालचा ते सांगतील असं नाक. त्यांनी पेला घेतला, डोळे मिटले, हुंगलं, पेला खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, “बास तो आती है बेटा. बहोत आती है. लेकिन मेरा नाम मत लेना.” आता तुम्ही म्हणाल, मग आता का घेतलंस? नाही घेणार तर काय. त्यांनीही नंतर माझं घेतलं. येतो तिथवर.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोणपाट सोडलं. आत काय? बुडाच्या शिवणीला बोट लावलं तर बोट आत. थेंब, थेंब, थेंब. आणि ओट्याला चीर, ती सरळ विहिरीच्या काठाकडे गेलेली, आणि त्या चिरेत माझंच चार बादल्या पाणी रोज घासलेटला वाट दाखवत होतं. मी तिथेच बसलो डोकं धरून. पण बसून चालतंय का? पिशवीत कपड्याच्या साबणाची वडी होती, ती मळून भोकाला दाबली. स्टोव्हची टाकी गळाली की आम्ही असंच करतो, कथलाचा डाग देईपर्यंत साबण धरतं. खाली घमेलं लावलं. ओट्यावर राख पसरली, जाड, सगळ्या गल्लीच्या चुलींची राख गोळा करून. घासलेट सांडलं की राख टाकायची किंवा वाळू टाकायची, तिला घासलेट पिऊ द्यायचं, मग फावड्याने उचलून लांब नेऊन टाकायची. पाणी ओतायचं नाही. हे माझ्या धंद्यातलं पहिलं अक्षर आहे, आणि मला तेवढंच एक अक्षर येतं.

मी फावडं आणायला घरी गेलो. परत येतो तर वच्छलाक्का ओट्यावर. राखेची घाण बघून त्यांचं डोकं फिरलेलं, आज एकादशी, ओटा कसा पाहिजे. एका हातात धुण्याचा सोडा, दुसऱ्या हातात बादली, पायाशी आणखी एक. मला ओरडायचं होतं, नको. फक्त नको. दोन अक्षरं आहेत. पण तुम्हाला सांगितलं ना तापी नदीचं? ‘न’ बाहेर पडला तेव्हा पहिली बादली गेली होती, ‘को’ पडला तेव्हा दुसरी. राख, सोडा, घासलेट, सगळं सपासप विहिरीत. ओटा मात्र काय चमकत होता. वच्छलाक्का कमरेवर हात ठेवून म्हणतात कशा, पोरा, सफाई अशी करतात.

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? गप्प बसायला पाहिजे होतं. घरी एक कोसावरच्या मळ्यातून पाणी आणत होतो सायकलवर, तेही मोतीलालच्या हातापाया पडून दुधाच्या कॅना मागून घेऊन, कारण माझ्याकडे जे डबे होते त्यांच्यात आयुष्यभर घासलेटच भरलेलं. भागीची पोर वाचली होती. पण गल्लीत आणखी पाच तान्ही मुलं, आणि त्यांच्या आया ते पाणी उकळून पाजताहेत, वर सांगताहेत की उकळलंय हो. मला झोप येईना. गेलो तालुक्याच्या कचेरीत.

कारकून चांगला होता दिसायला. काय झालं विचारलं. मी म्हणालो, पाण्याला वास येतो. तो म्हणाला, पाणी शेजारच्या खोलीत. शेजारच्या खोलीतला म्हणाला, कशाचा वास? मी म्हणालो, घासलेटचा. तो म्हणाला, मग रॉकेल पलीकडच्या खोलीत. परत पहिल्याकडे. आगीच्या बंबाच्या गाडीवाल्याला विचारलं तर त्याने विचारलं, आग आहे का? नाही म्हटलं. मग लागल्यावर ये म्हणाला. खरं बोलला बिचारा, त्याला मी दोष देत नाही. शेवटी पहिला कारकून अर्ज लिहून द्यायला बसला, माझं अक्षर बघून त्यालाच दया आली. विचारतो, अंदाजे किती सांडलं? मी आपलं प्रामाणिक, हिशेब करून सांगितलं, चाळीस लिटर तरी गेलं असेल. त्याचं पेन थांबलं. एका घरात चाळीस लिटर आलं कुठून? मी म्हणालो, घरात नाही हो, ड्रममध्ये. ड्रम? त्याने चष्मा काढला. किती मोठा ड्रम? मी हाताने दाखवला. आणि तुम्हाला सांगतो, मला तिथे कळलं, की गळती कुणाच्या खात्यात बसत नव्हती, पण साठा बसत होता. वासाचा अर्ज घेऊन गेलो होतो, साठेबाजीची खबर देऊन बाहेर पडलो.

मी सायकलवरून गल्लीत पोचायच्या आधी बातमी पोचली. कचेरीतला शिपाई आबांचा साडू. उद्या दहाला जीप येणार. मला वाटलं मारतील. मारलं नाही, कुणी बोललंसुद्धा नाही, तेवढा वेळच नव्हता कुणाला. सकाळी बघतो तर बावीस घरांतली बाया-माणसं ओळीने ड्रमपाशी. पातेली, हंडे, कळशा, गडवे, लग्नात मिळालेली पितळी घागर, द्रौपदाबाईंचे तर दोन्ही माठ. पाणी ओतून टाकलं आणि सगळ्यांत घासलेट भरलं. ड्रम रिकामा करून उपडा घातला, आणि त्याच्या बुडावर वच्छलाक्कांनी उडदाचे पापड वाळत घातले. म्हणजे तो ड्रमच नाही, पापडाचं टेबल. माणसाची अक्कल कुठे चालते बघा.

आणि मी बघतोय काय, बावीस घरांत उघडी भांडी, काठोकाठ घासलेट, आणि बावीस घरांत चुली पेटलेल्या. भाकरीची वेळ! आमच्याच घराला लागून आबांचं घर, मध्ये एक कुडाची भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे भागी आणि तिची पोर. यावेळी मी बोलायच्या भानगडीत पडलो नाही. माझं तोंड चालेपर्यंत गल्ली जळून गेली असती. घमेलंभर राख घेतली आणि शिरलो एकेका घरात, चुलीवर राख, तव्यावर राख, भाकरीवर राख, पुढचं घर. काय शिव्या खाल्ल्या म्हणता. माझ्या सात पिढ्या त्या दिवशी बावीस घरांत जेवल्या. वना वेडा झाला, वनाला धरा. पण शेवटची चूल विझली आणि गल्लीच्या तोंडाला जीप उभी राहिली.

साहेब उतरले, बरोबर कारकून, शिपाई. आबा हात जोडून पुढे, या साहेब, बसा साहेब, कसला ड्रम, कुठला ड्रम, गरीब माणसं आम्ही. आता साहेब आलेत म्हणजे चहा पाहिजे. चहा कसा करणार? चुलीत राख. मग निदान पाणी पाहिजे. आपल्याकडे दारी आलेल्याला, दुश्मन असो, आधी पाण्याचा पेला. पण माठात काय? घासलेट. हंड्यात काय? घासलेट. आबांच्या घरच्यांना काही सुचेना, त्यांनी आपला काचेचा पाहुण्यांचा ग्लास घेतला, विहिरीवर गेल्या, पोहरा टाकला, ग्लास भरला आणि बशीत ठेवून पुढे केला.

बेचाळीस डिग्री ऊन. साहेबांनी ग्लास तोंडाला लावला, एका दमात अर्धा प्यायले. मग थांबले. ग्लास उजेडात धरला. आणि म्हणाले, “पाण्याला वास येतो.”

माझं वाक्य हो. अक्षर न् अक्षर माझं. मी बोललो तेव्हा हातालाच वास होता, नाकात भरला होता, डाळ लवकर शिजत होती. साहेब बोलले तर सगळी गल्ली माना डोलवायला लागली, हो साहेब, येतोच साहेब, कधीचा येतोय. हाशमचाचा तर पुढे होऊन सांगतात, साब, मैं तो पहले दिन से बोल रहा था, इस वना से पूछो.

तेवढ्यात शिपायाने, आबांच्याच त्या साडूने, सवयीने एक पापड उचलला. खाली भोक. भोकात साबण. साहेबांनी वाकून बघितलं आणि विचारलं, हा साबण कुणी लावला? बावीस घरांनी एका सुरात सांगितलं, वनाने. या लोखंडाला इतका गंज कसा, पाणी कोण घालायचं? वना. एक दिवससुद्धा चुकला नाही साहेब, आम्ही बघितलंय. वच्छलाक्का साक्षीला उभ्या. आणि अर्ज कुणाचा? कारकुनाने कागद काढला. वना.

पंचनाम्यात लिहिलं, गळतीचं कारण, अर्जदाराने ड्रमवर सातत्याने पाणी घालणे. सातत्याने! सातवीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकावर कुणी हा शब्द लिहिला नव्हता. खाली आबांची पंच म्हणून सही.

पण विहीर बंद झाली हो. त्याच दिवशी फळी लागली, पाणी पिऊ नये. टँकर आला. तीनदा उपसली विहीर, गाळ काढला, ओट्याची चीर बुजवली. ड्रम जप्त झाला, कार्डं ताकीद देऊन सोडली. भागीच्या पोरीची पाठ साफ झाली, आता चिमटा घेतला तर गाल हातात येतो, अशी झालीय. भागी सासरी जाताना एवढंच म्हणाली, “तू बोलना भाऊ, बरं व्हयनं.” मी बोललो ते बरं झालं, असं तेवढं एक माणूस म्हणालं. बाकी गल्लीने माझं नाव टाकलं. दर महिन्याच्या सात तारखेला कचेरीत जाऊन बसतो, माझी चौकशी चालू आहे. साहेब बदलून गेले, नवे साहेब पहिल्यापासून विचारतात, सांगा, काय झालं? मी म्हणतो, पाण्याला वास येत होता. ते म्हणतात, पाणी शेजारच्या खोलीत.

आणि आता कळस ऐका. विहीर उघडली त्या दिवसापासून सकाळी सकाळी वच्छलाक्का दार वाजवतात. वना, चल, पाणी हुंगून सांग. सगळी गल्ली बादल्या घेऊन उभी, आबा मध्ये. मी पोहरा घेतो, हुंगतो, नीट हुंगतो, जीभ लावतो, आणि खरं ते सांगतो, की आता अजिबात वास येत नाही, खुशाल प्या. तर आबा काय म्हणतात? म्हणतात, “तू दिवसभर घासलेटमा ऱ्हास. तुले काय वास समजी?”

घ्या, झाला तुमचा स्टोव्ह. वायसर नवं टाकलंय, बर्नर साफ केलाय, टाकी गळत नाही… थांबा, असं नका नेऊ. तुमच्या नाकाने एकदा हुंगून बघा. माझं नाक चौकशीत आहे.